अक्का, तुझ्या राखेच्या पुड्या

प्रिय अक्का,

तू जाऊन वर्ष झालं. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावंसं एकदाही वाटलं नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला खुळचटपणा वाटतो. पण रविवारी तुझ्या वर्षश्राद्धाला शहागडला गेले आणि तिथे जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? भांडायचं असलं तरी तुझ्याशीच भांडायला हवं.

जेवणं उरकली होती. मी हात धुवायला मागच्या मोरीकडे गेले, तर तुझी सून रेखा भिंतीकडे तोंड करून उभी. सातवा महिना लागलाय तिला. मला पाहताच तिने पदर तोंडाला लावला. मी तो बाजूला केला. ओठ करडे! हातात कागदाची पुडी आणि पुडीत राख.

"थुंक!" मी ओरडले. वर्गात ओरडायची तशी.

ती दचकली आणि मग हसली. "अवो मावशी, डोहाळे हायेत. चिमूटभर तर खाऊन राह्यले."

"कुठली राख ही?"

"आपलीच की. मागच्या ढिगातली. अक्कानंच पुड्या बांधून ठेवल्त्या माझ्यासाठी. म्हणल्या, कधी ना कधी लागतीलच तुला. आन् तुम्हीच तर पास केली ना ही राख? अक्का समद्या गल्लीला सांगायच्या, माझी बहीण कॉलेज शिकलेली हाय, तिनं सांगितलंय म्हणून."

अक्का, मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले.

मेधा पोटात होती तेव्हा मलाही हेच डोहाळे लागले होते, आठवतं? शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, राख खावीशी वाटते हे कुणाला सांगणार? तुला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तू एसटीने जालन्याला हजर! चुलीतली गोवऱ्यांची राख फडक्यातून गाळून डबा भरून आणलीस. माझ्या सासूबाईंना म्हणालीस, "भांड्याला आणलीय." आणि मला आत नेऊन, "बीएस्सी झाली आन् राख खायाला लागली! बराबर हाय, फी वाया न्हाई गेली." किती हसलो होतो आपण. तीही खायची गोष्ट नव्हतीच. पण निभावलं.

मग तुझ्याकडे गॅस आला, चूल बंद पडली आणि राख मिळेनाशी झाली. तू कुरकुरायचीस. भांडी घासायला काय घेऊ? तुरीच्या बियाण्याला काय चोळू? तेवढ्यात तुझ्या दत्ताने घरामागे विटांचा कारखाना टाकला आणि विटांत घालायला वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेचे ट्रक दारात यायला लागले. तुला केवढा आनंद! मूठभर राख तळहातावर घेऊन आलीस.

"बघ शके, कशी पिठावानी हाय! गाळायचं सुदिक काम न्हाई. चालंल का गं ही? तू शिकलेली हायेस."

मला परतीची गाडी गाठायची होती. मी चपला घालता घालता म्हणाले, "राख ती राख. एवढ्या आगीत भाजलेली, त्यात जंतू कुठून येणार?"

एवढंच. तू प्रश्न नीट विचारला होतास, अक्का. उत्तर मी उभ्या उभ्या दिलं. जंतूंपुरतं ते खरंही होतं. पण तू जंतूंचं कुठे विचारलं होतंस?

गोवरी म्हणजे शेण आणि पाचट. कोळसा जमिनीच्या पोटातून येतो आणि जमिनीच्या पोटात असतं ते सगळं बारीक बारीक अंशाने घेऊन येतो. शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, गारगोटीची पूड. जळतो तो फक्त कोळसा, बाकीचं मागे राहतं. दूध आटवलं की खवा उरतो ना, तसं ते राखेत साठतं. हे मी मुलींना फळ्यावर शिकवू शकले असते. बहिणीला दारात उभं राहून का नाही सांगता आलं?

आणि तिचा तो मऊपणा, ज्याचं तुला कौतुक, तोच घातकी. तो धुरळा नाकात अडकत नाही, छातीत खोल जाऊन बसतो. तू रोज सकाळी अंगण झाडायचीस, कोरड्या खराट्याने. पाणी शिंपड म्हटलं तर म्हणायचीस, "चिखल होतो मंग." दोन हिवाळे खोकलीस. मला फोनवर काय सांगायचीस? "सर्दी हाय, जाईल." का गं लपवलंस? शेवटी मी आले तेव्हा तुला चार पावलं चालता येत नव्हती. डॉक्टरांनी फुप्फुसाचा आजार म्हणून लिहिलं, राखेचं नाव कुठेच नाही. राखेनेच झालं असं मीही छातीठोक सांगू शकत नाही. सांगता येत नाही, याचीच भीती वाटते.

रविवारी मी तुझ्या सगळ्या पुड्या गोळा केल्या. कडीपाटाखालच्या फळीवरून, तुरीच्या कोठीतून, देवाच्या कोनाड्यातून. तुझीच घडी, तुझाच दोरा. मायेने बांधलेलं ते सगळं मी एका पिशवीत कोंबत होते आणि दत्ता चिडला.

"मावशी, हीच राख टाकून रस्ते करून राह्यलेत. शेजारच्या गावात नाल्याकाठी ढीग पडलेत, तिथं कुणी बोलत न्हाई. आमच्याच घरात इष झालं व्हय?"

"विटेत घट्ट बसली की ती एवढी त्रास देत नाही, दत्ता. मोकळी उडते, पाण्यात उतरते, पोटात जाते, ती देते. ढीग ओला ठेव, झाकून ठेव, बोअरपासून लांब ने. तोंडाला फडकं बांध आणि मजुरांनाही बांधायला लाव."

"आन् कारखाना बंदच करू का?"

"मी बंद कर म्हटलं का? बायकोचे कपडे भर, ती माझ्याबरोबर येतेय."

सोमवारी मी तिला जालन्याला आणलं आणि डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "किती खाल्ली?" रेखा म्हणाली, "मोजून कोण खातंय बाई?" बाई हसल्या नाहीत. रक्तातलं शिसं तपासायला नमुना बाहेर पाठवलाय. शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं, त्याच्या मेंदूला धोका असतो, असं त्या म्हणाल्या. राख खाणं आधी बंद करा, अंगात रक्त कमी आहे म्हणूनही असे डोहाळे लागतात, गोळ्या चालू करा. घाबरू नका, असंही म्हणाल्या. कसं घाबरायचं नाही?

अहवाल अजून आलेला नाही. फोन वाजला की मी धावत जाते. आत्ता दुपार आहे, रेखा माझ्या खोलीत झोपलीय. मघाशी तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला, "बघा, कसं उड्या मारून राह्यलंय!" केवढी खूश होती! मी हात काढून घेतला, अक्का. ती हिरमुसली. तिला काय सांगू? त्या बाळाने मला लाथ मारली तेव्हा जाब विचारतंय असंच वाटलं मला.

काल मी तिला विचारलं, "अक्काने आणखी कुणाला दिल्या पुड्या?" तिने बोटावर नावं मोजली. गल्लीतल्या सात जणी. सहा जणींची लेकरं आता अंगणात खेळतात, सातवीचं अजून अंगावर पितं. सगळ्या तुला दुवा देतात म्हणे.

अहवाल काहीही येवो, मी तोवर थांबणार नाही. परवा सकाळच्या गाडीने शहागडला येते. सातही घरी जाईन, प्रत्येकीच्या ओसरीवर बसेन, चहा घेणार नाही. लेकरांना तपासायला न्यायचं, उरलेली पुडी आणून द्यायची, हे सांगेन. त्या विचारतील, अक्कानं आम्हाला असं कसं दिलं? तेव्हा तुझ्यावर ढकलणार नाही. अक्काने विचारून दिली होती, आणि चुकीचं मी सांगितलं, असं प्रत्येकीला तोंडावर सांगेन. त्या काय बोलायचं ते बोलोत. मी ऐकून घेईन.

तुझी,
शकू