परस नव्हे, फूट

मुलुंड, गुरुवार, १७ एप्रिल १९८६

दादा माणदेशातल्या गावाहून आलाय. आपली विहीर आटली म्हणाला. मी विचारलं, "पाणी किती परस खाली गेलं?" तो हसला. "परस कोण मोजतंय आता? फुटांत बोल. तीनशे फूट बोर मारायचीय."

परस म्हणजे एक उभा माणूस. आबांनी आठ परस खोदलेली विहीर उन्हाळाभर पुरायची. तीनशे फूट म्हणजे पन्नास माणसं, एकाच्या डोक्यावर एक!

पाऊस कमी झालाय, दादा म्हणतो. झाला असेल. पण ज्वारीच्या रानात ऊस लावायला मोटर पाठवली कोणी? मीच ना, आमच्या पंपांच्या कारखान्यातून. सगळं पावसावर कसं ढकलू?

संध्याकाळी चहा घेताना हेच बोलणार होतो. तेवढ्यात दादा म्हणाला, "बोरला मोटर मिळंल का रं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "किती फुटांवर सोडायची?"