डाव्या खांबाचा पंच

मँचेस्टर
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रचनास,
अनेक उ. आ. व सप्रेम जयभीम.

रविवारी सकाळी डेक्लनच्या गाडीत बसण्यापूर्वी मी त्याला स्पष्ट सांगितले होते की आजच्या सामन्यात माझा सख्खा भाचा खेळतो आहे, तेव्हा मला खांबापाशी उभा करू नकोस. डेक्लन माझ्याच हॉस्पिटलात कामाला आहे आणि सुटीच्या दिवशी मुख्य पंच म्हणून हर्लिंगचे सामने चालवतो. खांबांपाशी उभे राहणारे चार पंच त्याचे त्यालाच गोळा करून आणावे लागतात. तो हसला आणि म्हणाला की, ज्याचा भाऊ नाही, भाचा नाही असा पंच शोधायचा तर मला तो फ्रान्सहून मागवावा लागेल, मुकाट्याने पंचाचा पांढरा कोट घाल. मी घातला. माझी एवढी चूक आधीच लिहून ठेवतो.

तू फोन आपटलास आणि मग नंबरही ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. कमलाकररावांनाही दाखव. प्रज्वल तीन वर्षे खेळतो आहे, पण तुम्ही दोघे एकदाही पाहायला आला नाहीत, म्हणून समजावून लिहितो. खेळ आयरिश लोकांचा. हर्ल नावाच्या लाकडी काठीने कडक चेंडू टोलवायचा. इंग्रजी एच अक्षरासारखे दोन उंच खांब आणि मध्ये आडवी दांडी. चेंडू दांडीखालून जाळीत गेला तर तीन गुण, आम्ही हिरवा झेंडा उचलतो. दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण, पांढरा झेंडा. बाहेरून गेला तर दोन्ही हात पसरून वाईड. प्रत्येक खांबाशी एक पंच असतो. परवा डावा खांब माझा होता.

चॅम्पियनशिपची उपांत्य फेरी होती. जूनपासून प्रज्वलचा क्लब एकही सामना हरला नव्हता. शेवटच्या मिनिटाला ते एका गुणाने मागे होते आणि प्रज्वलने लांबून टोला मारला. चेंडू माझ्या खांबाच्या टोकापेक्षाही उंच गेला. मी वाईड दिला आणि सामना संपला. त्यानंतर तुझा मुलगा धावत आला, त्याने जमिनीवरचा पांढरा झेंडा उचलला, त्याची काठी माझ्या छातीवर रेटली आणि मराठीत ओरडला. त्याला लाल कार्ड मिळाले. डेक्लनने मला विचारले की पोरगा काय ओरडला. तिथे मराठी कळणारा मी एकटाच. मी सांगितले की, मामा तू खोटारडा आहेस, असे म्हणाला. तेच रिपोर्टमध्ये गेले. २८ तारखेला सुनावणी आहे. चोवीस आठवड्यांची बंदी येऊ शकते, म्हणजे ऑक्टोबरमध्ये निवडक संघाबरोबर डब्लिनला जायचे तेही जाईल. याचे मला वाईट वाटते. पण पंचाच्या अंगावर जाणे हे वाईटच.

तो आमच्या घरून बॅग घेऊन मित्राकडे राहायला गेला आहे. तुझी अलकावहिनी रोज त्याच्यासाठीही कणीक भिजवते आणि मग माझ्यावर चिडते.

राग कमी झाला की लोभ कर.

तुझा दादा,
काशीनाथ

इल्फर्ड
१५ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. तुला अहो-जाहो करून लिहिणार होते, पण त्यात मान दिल्यासारखं झालं असतं. कमलाकरना दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या दादानं खेळाचं टेक्स्टबुक पाठवलंय, उत्तर तेवढं घालायला विसरला. खरंय. एवढं लांबलचक पत्र, आणि बॉल आत होता की बाहेर हे कुठेच नाही! मी प्रायमरी स्कूलमध्ये तीस पोरं सांभाळते. खिडकी कुणी फोडली हे मला असल्या लांबलचक उत्तरांवरूनच कळतं.

आणि जे बोलायचं ते गिळलंस, जे गिळायचं ते मात्र शब्दन्‌शब्द लिहून दिलंस. पोरगं चिडलं होतं, काहीतरी बरळलं, एवढं म्हणाला असतास तर जीभ झडली असती का? त्या अख्ख्या ग्राउंडवर कुणाला कळणार होतं? पण नाही, तिथे तुझं सत्य उफाळून आलं. प्रज्वल सांगायचा, मामाच्या वंदनेनं अलार्मच्या आधी जाग येते. रोज पंचशील म्हणतोस ना? खोटं बोलायचं नाही हे चौथं शील फक्त भाच्याला फासावर देताना आठवतं वाटतं.

मला हे नवीन नाही. मी पाचवीत होते तेव्हाची वक्तृत्व स्पर्धा विसरलास? आबा शाळेत मास्तर आणि आबाच परीक्षक. टाळ्या माझ्या भाषणाला पडल्या आणि पहिला नंबर सरपंचाच्या पोरीला, जी मध्येच दोनदा अडखळली होती. आबा घरी म्हणाले, आपल्या पोरीला पहिला दिला असता तर गाव म्हणालं असतं की मास्तरानं आपलंच माणूस वर काढलं. तेव्हा आईनं भाकरी थापता थापता काय विचारलं ते तरी आठवतं का? गाव काय म्हणायचं ते म्हणेल, तुम्ही का आधीच म्हणून टाकता? दोन दिवस बोलली नव्हती त्यांच्याशी.

गाव सुटलं, देश सुटला, तू मात्र आबांची खुर्ची इंग्लंडला घेऊन आलास. तेव्हा मी दहा वर्षांची होते, गप्प बसले. आता माझा मुलगा आहे, गप्प बसणार नाही. सुनावणीला खरं सांग. नाही सांगितलंस तर इल्फर्डला येऊ नकोस, आणि मी गेले तरी येऊ नकोस.

लोभाचं नंतर बघू.

रचना

मँचेस्टर
१९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रचनास,
अ. आ.

तुझे पत्र तीनदा वाचले. मेलेल्या माणसाला मध्ये आणून भांडायची रीत आपल्या घरात नव्हती, ती तू सुरू केलीस.

आबांवर बोलणे सोपे आहे. त्या शाळेत ते आपल्या समाजाचे पहिले मास्तर. खडूचा डबा मोजून घेतला जायचा तो फक्त त्यांच्याकडून. तुला पहिला नंबर दिला असता तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर काय लिहिले गेले असते हे तुला ठाऊक आहे. तुला एक बक्षीस कमी मिळाले. त्यांना त्या शाळेत आणखी अकरा वर्षे काढायची होती.

आता माझे ऐक. त्या मैदानात दोनशे माणसे असतील, त्यात काळी-सावळी दोन. एक तुझा मुलगा, एक मी. डोळे मिटूनही कोणी नाते ओळखले असते. सामना सुरू होण्यापूर्वी दोरीपलीकडचा त्या दुसऱ्या क्लबचा एक म्हातारा मला मोठ्याने म्हणाला की आज पांढऱ्या झेंड्याची काठी तुटणार बहुतेक, भाचा मारणार आणि मामा उचलणार. सगळे हसले. डेक्लनही हसला. मीही हसलो. सत्तर मिनिटे ते माझ्या पाठीमागे उभे होते. प्रज्वलचे आधीचे चार गुण मी दिले, आणि प्रत्येक वेळी मागून कोणी ना कोणी खोकले. हे तुला इल्फर्डमध्ये बसून कळायचे नाही. तुझ्या रस्त्यावर तर गोरा माणूस दिसला की लोक वळून बघतात.

मुलाला शिस्त लावली नाहीस, याबद्दल मी आजवर एक शब्द बोललो नाही. तीन वर्षे तो माझ्या घरी होता. त्याचे खांद्याचे हाड मोडले तेव्हा आंघोळ मी घातली. कमलाकरराव तेव्हा बेसिंगस्टोकला क्लायंटबरोबर जेवत होते. त्यांना सांग, उत्तर हवे असेल तर स्वतः येऊन मैदानावर उभे राहा.

दिलेला निर्णय पंच बदलत नाही. सुनावणीला रिपोर्ट आहे तसाच राहील.

काशीनाथ

मँचेस्टर
२४ ऑगस्ट २०२५

मामा,
जयभीम.

मी मराठीत लिहितो. आई म्हणाली इंग्लिशमध्ये लिहिला तर तू म्हणशील मला नीट कळला नाही. चुका असतील, हसू नको.

झेंडा तुला मारला त्याच्यासाठी मी सॉरी आहे. ते चूक होता. जे बोललो त्याच्यासाठी सॉरी नाही.

मला माहीत आहे बॉल आत होता, कारण मी बॉल नाही बघत होतो. मी तुला बघत होतो. तुझा मान वर गेला, मग तू खाली वाकला, तुझा हात झेंड्यावर गेला. काठी अर्धी उचलला पण. मग तू दोरीकडे बघितला, त्या लोकांकडे. मग झेंडा सोडला आणि हात पसरला. दुसरा कोणी मारला असता तर पॉइंट होता. मी मारला म्हणून वाईड.

टीममधले लोक मला म्हणतात तुझा अंकल आंधळा आहे. मी सांगतो, हो, चष्मा बदलायला पाहिजे. काय सांगू त्यांना? ते जास्त लाज वाटते.

सुनावणीला मी काही बोलणार नाही. विचारला तर म्हणेन, होय, मी ढकललो. तू म्हणजे मला हर्ल घेऊन देणारा माणूस आहे. तुला सगळ्यांसमोर मी दुसऱ्यांदा खोटारडा नाही म्हणणार. तेवढंच.

मामीला सांग मी जेवतो.

प्रज्वल

मँचेस्टर
२९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रचनास,
अ. आ.

आधी तुला हवे आहे ते सांगतो. सामन्याचा निकाल बदलत नाही. तो दुसरा क्लब फायनल खेळणार. प्रज्वलवरचा शब्दांचा आरोप समितीने काढून टाकला. धक्क्याबद्दल काय ते आठ दिवसांत कळवतील, डब्लिन राहील की जाईल हे अजून कोणी सांगत नाही. माझे नाव पंचांच्या यादीतून गेले. आबांविषयी लिहिलेले मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तूही माझे काही विसरणार नाहीस. हे असेच राहू दे.

काल संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये सगळे जमलो होतो. समितीचे तिघे, डेक्लन, मी आणि समोर प्रज्वल. त्याला विचारले, तो म्हणाला, होय, ढकलले. अजून काही सांगायचे आहे का, तर नाही म्हणाला आणि टेबलाकडे बघत बसला. मग अध्यक्षबाईंनी मला रीतीप्रमाणे विचारले की तुमचा रिपोर्ट कायम आहे ना. त्यांनी पेनाचे टोपण लावलेही होते. सगळ्यांना चहा प्यायचा होता.

मी म्हणालो, कायम नाही. चेंडू खांबाच्या आतून, वीतभर तरी आतून गेला. मुलगा मला खोटारडा म्हणाला ते खरे होते.

त्या बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या की चेंडू टोकाच्या वरून गेला होता, उन्हात असे होते, आपण नजरचूक म्हणून लिहून घेऊ. डेक्लननेही टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाट करून दिली होती, रचना. नुसते हो म्हणायचे होते. प्रज्वलवरचा आरोप तेवढ्याने हलका झाला असता आणि माझा कोटही राहिला असता. तो हो जिभेवर आला होता, हेही लिहितो. मग म्हणालो की नजरचूक नव्हती. चेंडू मला दिसला होता. मारणारा माझा भाचा आहे आणि लोक बोलतील, म्हणून मी वाईड दिला. दुसऱ्या खांबाच्या पंचाने माझ्याकडे पाहिले तेव्हा मान हलवून त्यालाही फसवले.

डेक्लन उठला. तो म्हणाला, त्या रिपोर्टखाली माझी सही आहे. अठरा वर्षांत माझ्या एकाही पंचाने मला खोटे सांगितले नाही आणि ज्याने सांगितले त्याला मी आठ वाजता घरून उचलून आणले. पुन्हा माझ्या गाडीत बसायचे नाही, हॉस्पिटलात समोर आलास तर दुसऱ्या जिन्याने जा. आजही तो दुसऱ्या जिन्यानेच गेला. प्रज्वलने माझ्याकडे पाहिले, पण त्या पाहण्याचा अर्थ मी आपल्या सोयीने लावणार नाही.

अध्यक्षबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या की मग हे असेच तुमच्या हाताने लिहा, उद्या मी असे म्हणालोच नाही असे नको. माझे इंग्रजी लिहिणे सावकाश. सगळे थांबले. मी लिहिले की चेंडू आत होता आणि मी तो पाहिला होता. खाली पूर्ण नाव घातले, तारीख घातली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

तुझा दादा,
काशीनाथ