कपाटामागची ओळ

पप्पा, काल विहारातलं लोखंडी कपाट हलवलं आणि त्याच्यामागे तुमचं अक्षर सापडलं. पेन्सिलीचं. वर तुम्ही रंगवलेली सगळी नावं आहेत, आपल्या कॉलनीतून जो जो शिकला त्याचं नाव, पदवी आणि साल, निळ्या भिंतीवर पांढऱ्या रंगात. आणि सगळ्यात खाली, ओल धरलेल्या जागेत, दोन आखलेल्या रेघा आणि त्यांच्या मधोमध माझं नाव. रंग भरायचा राहिलेला. नावापुढे जागा सोडलेली, कारण मी तेव्हा सातवीत होतो आणि मी काय होणार ते तुम्हाला माहीत नव्हतं. पुढे सहा महिन्यांत तुम्ही गेलात, कुणीतरी तिथे सतरंज्यांचं कपाट लावलं, आणि नऊ वर्षं ती ओळ तशीच राहिली. मी ब्रश हातात घेऊन उभा होतो.

ही भिंत मीच रंगवतोय. तुम्हाला हसू येईल. एरवी मी नाशिकरोडला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो, तिथे अक्षरं मशीन काढतं. पण ओलीने तुमची निम्मी नावं पुसट झाली, तेव्हा विहाराचे अध्यक्षकाका म्हणाले की पेंटर कशाला शोधायचा, पेंटरचं पोरगं आहे ना. माळ्यावरून तुमचे ब्रश काढले. मग काका म्हणाले, तुझं नाव पण राहिलंय, तेही लिहून टाक, रविवारी वंदना झाली की वाचन करू. उद्या रविवार आहे.

तुमचा रिवाज अजून चालू आहे, पप्पा. ज्याचं नाव लागणार त्याने भिंतीपाशी उभं राहायचं, पहिल्या नावापासून सगळी नावं मोठ्याने वाचायची आणि शेवटी स्वतःचं. त्याच्या आधी तुम्ही मार्कशीट मागायचात. चौथी शिकलेले तुम्ही, इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढायचात, वाचता यायची नाहीत. तरी त्या कागदावरून बोट फिरवत शेवटच्या सहीपर्यंत जायचात. अध्यक्षकाका नोकरी करता करता चाळिशीत बी.ए. झाले, तो दिवस मला दिसतो. ते वाचतायत, पाचव्या का सहाव्या नावावर त्यांचा आवाज बसतो, तुम्ही तांब्या पुढे करता, ते पाणी पितात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायला आलोय आणि आई मला चिमटा काढून उठवते, ऐक म्हणते, एक दिवस तुला वाचायचंय.

मी पास झालेलो नाही. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सोडलं; दुकानातलं काम मी कॉलेज सांभाळून करतो असं आईला वाटायचं. सगळ्यांना, म्हणजे ज्या दोघातिघांना सांगितलं त्यांना, मी एकच गोष्ट सांगतो की सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, फीमाफीवाल्यांना कॉलेजची किंमत नसते, आणि मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो. ते खरंच तसं म्हणाले होते. मी आपटलंही होतं. पण त्याच्या आधीच माझे चार विषय राहिले होते, आणि मी वर्गात बसून नुसता फोनकडे बघायचो, एका मुलीचा मेसेज आला का, तिने बघून उत्तर का नाही दिलं. सर नसते बोलले तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. हे मी पहिल्यांदा लिहितोय.

आईला सांगायचं राहून गेलं. ती शाळेत खिचडी शिजवते, तिथल्या बाईंनी तिला विचारलं, तुमच्या मुलाचं शेवटचं वर्ष ना, रिझल्ट लागला असेल. घरी येऊन तिने चप्पल काढता काढता मला विचारलं, लागला का रे? मी हो म्हणालो. लागला होता, इतरांचा. मी पुढचं वाक्य जुळवत होतो तोवर ती पिशवी घेऊन पेढे आणायला गेली सुद्धा. त्या संध्याकाळी तिने तुमच्या फोटोपुढे पहिला पेढा ठेवला आणि मी रात्रीपर्यंत दारावरची बेल वाजली की दचकत होतो. अजून दचकतो.

आणि ती मुलगी. ती इथेच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर मनमाडला, वडील रेल्वेत. तिलाही मी इंजिनीअर असल्याचंच सांगितलंय. पप्पा, मी तिच्यासाठी बसस्टॉपवर दोन पोरांशी मारामारी केली, पण एवढं एक वाक्य तिला सांगता आलं नाही. परवा तिचा फोन आला. "माझे पप्पा येतायत रविवारी. त्यांना भिंत बघायचीय तुमची, मीच सांगितलं सगळं. आणि वाचताना घाबरू नको. भांडायला बरा पुढे असतोस." ती हसत होती. मी पण हसलो.

सहावीतलं आठवतं का तुम्हाला? गणितात चौतीस होते, मी निळ्या पेनाने चौऱ्यांशी केले. आई भाकरी थापत होती आणि तुम्ही प्रगतिपुस्तक घेऊन खिडकीशी गेलात. मी ताटाकडे बघत होतो. तुम्ही आवाज चढवला नाही. "हा आठ तिनावर चढवलाय. एका जागी दोनदा हात लागला का मला कळतं." दुसऱ्या दिवशी मला शाळेत नेलंत, पण आत आला नाहीत. म्हणालात, तूच सांग बाईंना, मी हाय गेटपाशी. मी सांगितलं, छड्या खाल्ल्या, बाहेर आलो तर तुम्ही खरंच तिथेच होतात. येताना मला नवी कंपासपेटी घेतलीत. गेटपाशी कुणी उभं आहे हे माहीत असल्यामुळे मी आत बोलू शकलो, हे मला आता कळतंय.

आज दुपारपर्यंत वरची सगळी नावं भरून झाली. फक्त तुमची पेन्सिलीची ओळ राहिली. दोन वाजता अध्यक्षकाका आले, मी सांगितलं की पांढरा रंग संपला. त्यांनी डबा उचलून हलवला. आत रंग डुचमळला. काकांनी वाकून खालची पेन्सिलीची ओळ वाचली. मग म्हणाले, "तुझ्या बापाने माझी मार्कशीट दोनदा मागितली होती. शेजारी असून. मी तुझी एकदा पण नाही मागितली." डबा जागेवर ठेवला आणि दारात चप्पल घालताना, माझ्याकडे पाठ करून, "उद्या वाचायला तूच उभा राहा. जिथपर्यंत लिहिलंय तिथपर्यंत वाच."

त्यांना काय कळलंय मला माहीत नाही. ते गेल्यापासून मी इथे सतरंजीवर बसून हे लिहितोय. अजून वेळ आहे. नाव आणि पदवी, अर्ध्या तासाचं काम, तुमचं वळण मला जमतं. नाहीतर निळ्या रंगाचा एक हात मारला की पेन्सिल पण गेली. दोन्ही करवत नाही. मला भीती तिच्या वडिलांची आहे, ती मनमाडच्या गाडीत परत बसेल याची आहे, पण सगळ्यात जास्त भीती शेवटच्या नावानंतरच्या शांततेची आहे. आई पांढरी साडी नेसून दुसऱ्या रांगेत असेल. टाळ्या वाजवायला तिचे हात वर आलेले असतील.

हे पत्र कपाटामागे ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. ठेवत नाही. कपाट आता तिथे नसणारच. पण एक सांगतो. मघाशी विहारात कुणी नव्हतं, तेव्हा उभं राहून सराव केला. पहिल्या नावापासून, मोठ्याने. शेवटच्या रंगवलेल्या नावाशी थांबायचं असं ठरवलं होतं, पप्पा, पण तोंड थांबलं नाही. माझं नाव आलं बाहेर. आणि पुढच्या कोऱ्या जागेपाशी मी थांबलो, पदवी म्हणालो नाही.