मूळ नट हयात असेपर्यंत

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा आधी नट, मग विनोदी नाटककार, मग कादंबरीकार आणि सध्या रुग्ण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. नाटकवाल्याला असा दाखला सहसा मिळत नाही, म्हणून तो सोबत जोडला आहे. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, त्यामुळे आता जे सांगायचं ते लिहूनच.

याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. पहिलं बायकोच्या नावे होतं; ती माझ्याआधी गेली. दुसरं गेल्या वर्षी रागाच्या भरात केलं आणि सगळं दोन पुतण्यांना देऊन बसलो. त्यांना कुठून तरी वास लागला. तेव्हापासून दोघं माझी तब्येत विचारायला येतात आणि बोलता बोलता खिडकीची रुंदी वितीने मोजतात. राग अजून गेलेला नाही. पण राग एकावर आणि घर भलत्यालाच, हे मनाला पटेना.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरील माझ्या मालकीच्या दोन खोल्या, सामानासह, मी माझ्या मुलास देत आहे. खाली लाँड्री आहे, भिंती दिवसभर कोमट असतात, थंडीत बरं वाटतं. वकिलांनी मसुद्यात ‘सावत्र मुलगा’ लिहिलं. मी ‘सावत्र’ खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा खोडलं. ते म्हणाले, कायद्याच्या नजरेत तो तुमचा कुणी लागत नाही, कागद केला नाहीत तर घर आपोआप पुतण्यांकडे जाईल, म्हणून नातं नेमकं लिहायला हवं. मी पाटीवर लिहून दाखवलं की त्याच्या बुटाच्या नाड्या लहानपणी मी बांधल्यात, कायद्याने एकदा तरी बांधल्या आहेत का ते विचारून या. शेवटी तडजोड झाली: ‘माझ्या पत्नीचा मुलगा, ज्यास मी माझा मुलगा मानतो.’ चालेल. तो मला तेवढंही मानत नाही. तो मला काका म्हणतो. पहिल्यापासून काकाच.

कलम दोन. माझी रंगपेटी, आरसा, तीन टोप आणि नाटकांच्या सगळ्या वह्या मी आमच्या कंपनीच्या रंगभूषाकारास, म्हणजे मिशावाल्यास, देत आहे. त्याने जन्मभर लोकांना मिशा चिकटवल्या, स्वतः मात्र सफाचट. माझा हा एकच मित्र. तो म्हणायचा, “तुला चेहरा नाही रे, म्हणून तुला कुठलाही बसतो.” स्तुती होती ती. मी बदली नट होतो. मुख्य नट आजारी पडला, रुसला किंवा त्याची गाडी चुकली की मला बोलावणं. हे काम लोकांना सोपं वाटतं. त्यात आपलं डोकं चालवायची सोय नसते. मूळ नट जिथे थांबतो तिथे थांबायचं, जिथे खोकतो तिथे खोकायचं, नाहीतर समोरच्याची वाक्यं अडखळतात. आमचा मुख्य नट म्हणजे महाराज. राजांच्या भूमिका करून करून ते नाव चिकटलं, नंतर वागणंही. त्यांचा आवाज मी इतका हुबेहूब काढायचो की मागच्या रांगांना फरक कळत नसे. पुढच्या रांगा पैसे परत मागायच्या. पडदा उघडण्याआधी घोषणा व्हायची की आज महाराजांच्या जागी दुसरा नट आहे, आणि अख्ख्या प्रेक्षागृहातून एक सुस्कारा यायचा. माझी एन्ट्री आयुष्यभर त्या सुस्काऱ्यावर झाली.

कलम तीन. पलंगाखाली असलेल्या माझ्या कादंबऱ्यांच्या सर्व प्रती मी प्रकाशकास परत करीत आहे. त्याने त्या स्वतः येऊन, स्वतः वाकून काढाव्यात. पहिली कादंबरी एका घरातल्या दुःखाची होती. त्याने मुखपृष्ठावर डोळे वटारून हसणारा जाडा माणूस छापला. विचारलं तर म्हणाला, “तुमच्या नावावर रडू विकलं जात नाही, अण्णा.” एका वाचकाने पुस्तक परत पाठवलं, आत चिठ्ठी, की एकदाही हसू आलं नाही. अर्पणपत्रिका मुलाला होती. त्याने मान ठेवला, पुस्तक काचेच्या कपाटात ठेवलं. खूण अजून अर्पणपत्रिकेच्या पानातच आहे. वेळ मिळाला की वाचतो म्हणाला. त्याला वीस वर्षं झाली. मृत्युपत्राचं बरं आहे, ते वाचावंच लागतं.

कलम चार. माझ्या सर्व नाटकांचे हक्क मुलास. त्यातलं पहिलं विनोदी नाटक, थापाड्या बापाचं, त्याला नव्याने करायचं आहे. महाराज हे मुलाचे जन्मदाते. गेल्या महिन्यात तो परवानगीचा कागद घेऊन आला, आल्या आल्या माझी उशी नीट केली, औषधांच्या तारखा पाहिल्या आणि स्टुलावर बसला. आता पन्नाशी उलटली, विनोदी नट म्हणून मोठं नाव आहे, पण काही मागायचं असलं की अजून अंगठ्याचं नख खातो. म्हणाला, “काका, बापाची भूमिका बाबांनी करावी असं मनात आहे. त्यांची शेवटची इच्छा आहे.” मी पाटीवर लिहिलं, विचार करतो. तर विचार झाला. परवानगी देत आहे. जाहिरातीत ‘खरे बाप-लेक प्रथमच एकत्र’ असं छापायचं आहे म्हणे, तेही छापावं. अट एकच: महाराजांनी पदरचं एकही वाक्य घालू नये. दुसऱ्याच्या वाक्यांवर टाळ्या घ्यायची त्यांना सवय आहेच, तेवढ्यावर भागवावं.

कलम पाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर महाराजांना शेवटी बोलायला ठेवू नये. ते शेवटचं वाक्य दोनदा म्हणतात.

कलम सहा. हे टेलिफोनबद्दल आहे.

महाराज सिनेमात गेले तेव्हा बायको आणि चार वर्षांचा मुलगा मागे ठेवून गेले. ती आमच्याच कंपनीत काम करायची. पुढे रीतसर सुटका झाली, मी लग्नाचं विचारलं. ती आधी हसली, “इथेही बदलीच का?” मग हसू आवरून म्हणाली, “एक शब्द द्या. पोरासमोर त्याच्या बापाचं वाईट बोलायचं नाही. कधीच.” दिला.

आमच्या घरी फोन होता, कंपनीनेच बसवून दिलेला, कारण बदली नटाला केव्हाही बोलावणं येतं. मुलगा त्या फोनपाशी ठाण मांडून असायचा. बाबांचा फोन येईल म्हणून जेवण तिथे, पाढे तिथे. महाराजांनी एकदाही केला नाही. एका रविवारी मला ते बघवेना. खाली उतरलो, रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात गेलो, घरचाच नंबर फिरवला आणि महाराजांच्या आवाजात म्हणालो, “काय सरदार, ओळखलंत का?”

पलीकडे श्वास अडकल्याचं ऐकू आलं. मग मी त्याला एका गोष्टवेल्हाळ न्हाव्याची गोष्ट सांगितली, तिथल्या तिथे सुचेल तशी. तो इतका हसला की फोन हातातून पडला.

घरी आलो तर दारातच, “काका, बाबांचा फोन आला होता!” मला ती गोष्ट सांगितली, मी पहिल्यांदाच ऐकतोय असा हसलो. शेवटचं वाक्य त्याने घाईत टाकून दिलं होतं. म्हटलं, जरा थांबावं, समोरच्याला वाट बघायला लावावी, मग सांगावं. त्याने पुन्हा सांगितली, थांबून. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. पोरगं खेळायला गेल्यावर ती बाहेर आली. म्हणाली, “आवाज अगदी तस्साच काढलात. पण तो एवढा मायाळू कधीच नव्हता.”

मग दर रविवारी फोन आणि दर रविवारी नवी गोष्ट. फोनवर तोंड वेडावता येत नाही की धडपडून दाखवता येत नाही. हसवायचं ते शब्दांनी आणि थांबण्याने. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. विनोद लिहायला शिकलो तो खोकल्याच्या बाटल्यांमध्ये उभा राहून. ते पहिलं नाटक म्हणजे रविवारच्या गोष्टी एकीला एक जोडलेल्या. समीक्षकांनी संवादांचं कौतुक केलं, कुठे म्हणून रेंगाळत नाहीत. कसे रेंगाळतील? ऐकणारं पोर कंटाळलं तर फोन ठेवून देणारं होतं.

एकदा, अकरा वर्षांचा असेल, गणिताच्या पेपरावरून मी त्याला सकाळीच फार बोललो होतो. दुपारी फोनवर तो रडायला लागला. “बाबा, मला घेऊन जा ना. काका सारखे ओरडतात.”

मी महाराजांच्या आवाजात म्हटलं, “अरे, काका मनाने वाईट नाहीत.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे राहता त्यांच्याबरोबर?”

मी महाराजांच्याच आवाजात खोकलो. औषधवाल्याने काही न विचारता घशाची गोळी पुढे केली. त्यानंतर मी गणितावरून कधी आवाज चढवला नाही. मुलाला वाटलं, बाबांनी काकांना दम भरला.

मोठा झाला, मित्रांत रमला, तसे फोन विरळ करत करत मी बंद केले. पुढे तो नट झाला, लोक त्याच्या नावावर तिकिटं काढू लागले, आणि मग महाराजांना मुलगा असल्याचं आठवलं. पोर नावारूपाला आलं की बापांना तोटा नसतो. ते आले, गळ्यात पडले, आणि हा विरघळला. दोष देत नाही. त्या माणसाला इतका प्रेमळ मीच करून ठेवला होता.

मग गेल्या वर्षीची टीव्हीवरची मुलाखत. दोघं शेजारी बसलेले. मुलगा म्हणाला, “बाबा लांब होते, पण दर रविवारी न चुकता फोन करायचे. विनोदात कुठे थांबायचं ते मी त्या फोनवर शिकलो.” आणि न्हाव्याची गोष्ट सांगितली. कॅमेरा महाराजांवर गेला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. वाक्य विसरलेल्या नटाचा तो चेहरा मी विंगेतून पुष्कळदा पाहिलेला आहे. मग सावरले. मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “लांबून का होईना, बापाचं कर्तव्य करत होतो.” टाळ्या. आयत्या बिळावरचे नागोबा पुष्कळ पाहिले. आपण बीळ कसं खणलं ते सांगणारा हा पहिलाच.

थोड्या वेळाने मुलाचा फोन. “काका, बघितलंत ना? कसं झालं?” माझा आवाज तेव्हा नुकताच गेला होता. रिसीव्हरवर बोटाने दोनदा टकटक केलं. दोनदा म्हणजे छान, असं आमचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी वकिलांना बोलावलं आणि पुतण्यांचं नशीब उघडलं.

हे कलम लिहायला बसलो ते सगळ्यांसमोर वाचलं जावं म्हणून. मनात प्रवेशही रचला होता: वकील वाचताहेत, महाराज समोरच्या खुर्चीत रुमालाने मान पुसताहेत, आणि अट अशी की त्यांनी रविवारची एक तरी दुसरी गोष्ट सांगून दाखवावी, मगच माझ्या नाटकात बाप व्हावं. प्रवेश रंगला असता. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत त्यांच्यावर मात करणारा पहिलाच. पण ही कादंबरी नाही, की इथलं दुःख मुखपृष्ठाने झाकता येईल. मुलाच्या बाजूने पाहिलं. हे ऐकल्यावर खुर्चीतला बाप त्याच्या हातचा जाईल, फोनवरचाही जाईल, आणि मी तर नसेनच. पन्नाशीत माणसाला एका दुपारी इतकं पोरकं करू नये. शिवाय बायकोला दिलेला शब्द आहे. तिने ‘कधीच’ म्हटलं होतं.

तर वकीलसाहेबांना विनंती, की हे कलम वेगळं काढून पाकिटात बंद करावं आणि मुलाला पाच कलमांचाच कागद द्यावा. महाराज हयात असेपर्यंत पाकीट उघडू नये. त्यांची एक्झिट होईपर्यंत विंगेत उभं राहायची मला सवय आहे. तोवर त्यांनी बाप म्हणून मिरवावं, नाटकात आणि बाहेरही. मात्र मी शब्द पाळतो आहे तो ते जिवंत आहेत तोवरच. एवढा मोडतो, त्याचं बायकोशी माझं मी बघून घेईन.

ते जातील त्या दिवशी मुलगा बाप गेला म्हणून रडत असेल. आलेली माणसं जाऊ द्यावीत, त्याला पाणी द्यावं, आणि मग हे पाकीट त्याच्या हातात ठेवावं. म्हणजे त्याला कळेल, की बापाला आपण आधीच पोचवून आलो आहोत, काका समजून.

वरील सहा कलमे मी वाचून पाहिली. ती बरोबर आहेत.

स्थळ: राहत्या घरी, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपार

(सही)
लिहून ठेवणार

साक्षीदार. आम्ही सही होताना पाहिली. मजकूर वाचलेला नाही.

१. (सही) उपचार करणारे डॉक्टर
२. (सही) तळमजल्यावरील लाँड्रीवाले