वीस मिनिटांचे चणे

बुधवारी हॉस्पिटलमधून फोन आला की तुझी आई गेली. तू म्हणालास, "बाबा, जेवणाचं आता माझ्याकडे." तेवढ्यावर तुझं कर्तव्य संपलं.

काल तुझं ते व्हिडिओ बघून केलेलं वीस मिनिटांतलं, एका कढईतलं पौष्टिक जेवण झालं. काबुली चणे न भिजवता थेट टोमॅटोत टाकलेस. असे चणे जन्मात शिजत नाहीत. व्हिडिओतला माणूस डबाबंद, आधीच उकडलेले घेतो, एवढंही इंजिनिअरसाहेबांना दिसलं नाही. वर मलाच म्हणालास, "नीट चावून खा ना, बाबा."

रात्री मी चणे भिजत घातले होते. आज ते बोटांत चिरडले जाईपर्यंत उकडले, मग कांदा, टोमॅटो आणि पालकाबरोबर त्याच कढईत परतले. झाकून ठेवलेत, गरम करून खा. तुझी आई असेच करायची, तेव्हा नाक मुरडू नकोस.

मी दुसऱ्या पाळीला जातोय. आईचा चष्मा घेऊन जा, म्हणून हॉस्पिटलमधून तीनदा फोन आला. तुला मीटिंगमधून सवड नाही. माझीही मर्दुमकी ऐक, दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

चष्मा अजून तिथेच आहे.