पिवळीची शाळा

नांदुरा, बुधवार

चि. देवानंद यास ताईचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

तुझी शुगर आटोक्यात असेल असं धरून चालते (नसणारच, तू लपवून पेढे खातोस हे सारिकाने फोनवर सांगितलं). माझी तब्येत उत्तम. गुडघे दुखतात, पण ते निवृत्तीच्या आधीपासून दुखतात, त्यांना मी तब्येतीत धरत नाही.

सध्या मी मोकाट कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाते. कुत्री राहायला असतात, मी शिकवायला. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं, आणि तुझे भाऊजी गेल्यापासून मी एकटी फिरताना दिसले की अर्धं नांदुरा विचारतं, "काऊन मॅडम, काय झालं?" हातात कुत्रं असलं की कोणी विचारत नाही. माझ्या प्राणिप्रेमाचा उगम एवढाच.

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या पडीक गोदामात हा कारभार आहे. तो चालवणारा प्रसेनजित पुण्याला कसलासा कोर्स करून आला आणि तेव्हापासून माणसांशीही हळू आवाजात बोलतो. कुत्र्यांशी मात्र इंग्रजीत. "सिट." "स्टे." अरे, ही मटण मार्केटच्या मागे जन्मलेली जात, जन्मापासून एकच शब्द ऐकलेला, "हाड". आधी त्यांना मराठी तरी येऊ दे! रविवारी कॉलेजच्या मुली येतात, पिल्लाला गॉगल घालून फोटो काढतात, डोळे पुसतात आणि जातात. पिल्लाने केलेलं तिथेच राहतं. ते उचलायला निवृत्त मुख्याध्यापिका आहेच.

माझ्या वाट्याला आलेली कुत्री म्हणजे पिवळी (गळ्यातल्या पट्ट्यावर 'प्रिन्सेस', तोंड बघशील तर हसशील). एक कान अर्धा, झाडू दिसला की थेट टेबलाखाली. आयुष्यभर मी वर्गच्या वर्ग बसवले, पण इतका ढ विद्यार्थी पाहिला नाही. मी "बस" म्हणायचं आणि तिने माझ्या तोंडाकडे बघायचं. शेवटी कंटाळून मीच पायरीवर टेकले की बाईसाहेब शेजारी येऊन बसणार. "मॅडम, प्रगती आहे," म्हणे प्रसेनजित. कोणाची, ते त्याने सांगितलं नाही.

गेल्या रविवारी दत्तक मेळावा झाला. लोकांनी यावं, शिकवलेली कुत्री बघावीत, घरी न्यावीत, असा बेत. प्रमुख पाहुणे हरिओमभाऊ, आता मोठे ठेकेदार, पण चौथीत माझ्या वर्गात होते (पाढे अजून येत नसावेत). कुत्र्यांवरचं भाषण त्यांनी तालुक्याच्या विकासाकडे नेलं आणि ते तिथेच राहिलं. तेवढ्यात पिवळीने माझ्या हातून पट्टा सोडवला आणि ती स्टेजकडे निघाली. माझा वर्गातला आवाज आपोआप सुटला, "खाली बस!"

हरिओमभाऊ बसले. वाक्य अर्धवट, माईक हातात, सरळ खुर्चीत. फोटोसाठी उभी राहिलेली पुढची मंडळीही बसली. अख्ख्या गोदामात उभी होती ती फक्त पिवळी. तिने सत्काराची शाल टेबलावरून ओढली, दोन गिरक्या घेतल्या आणि शालीवरच पसरली. भाषण संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरिओमभाऊ मला हळूच विचारतात, "उठू काय, मॅडम?"

अशा कुत्रीला कोण नेणार? बाकीची चार घरी गेली, ही राहिली. तेव्हा अनुभवाने सांगते, हे शिकवणं, हे प्रेम, सगळी रिकामटेकड्यांची थेरं आहेत. तू या भानगडीत कधी पडू नकोस. सारिकाला आशीर्वाद.

तुझी,
सिंधूताई

ता.क. पिवळीला मी घरी आणायचं ठरवलं आहे. पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला कुत्रं देताना मागे कोण सांभाळणार त्याची सही लागते, असा प्रसेनजितचा नियम. "मॅडम, तुमच्यानंतर?" असं अगदी हळू विचारलं मेल्याने, म्हणून जास्त लागलं. मी तुझं नाव सांगितलं. तू कुत्र्यांना घाबरतोस हे सांगितलं नाही.

पुन्हा ता.क. शनिवारच्या आत ये. काल वरवट बकालचा एक जण पिवळीला बघून गेला, शनिवारी न्यायला येतो, शेतात साखळीला बांधायची म्हणत होता. तो टळावा म्हणून मी त्याला सांगितलं, "लय चावते हे." तर म्हणतो, "मंग त बेसच झालं, मले राखणीले अशीच पाह्यजे." पत्र मिळताच पहिल्या गाडीने निघ.