संगणकाला वांगयेंचा कौल

ती. च्युआन-फू दादांच्या चरणी,

धाकट्या गुरुबंधूचा, चिन-तुईचा, कान धरून नमस्कार. (कान आधीच धरला आहे, कारण हे पत्र अर्ध्यावर आलं की तुम्ही तो धरायला तायचुंगहून निघाल.) रक्तदाब काय म्हणतो? वहिनींनी तुमचं मीठ तोडलं असं कळलं. मासळीच्या खारट पेजेवाचून तुमची सकाळ कशी सरते, देव जाणे. इकडे तायनानात आम्ही दोघं मजेत. माझा उजवा हात तेवढा गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो. डॉक्टर म्हणतात वय झालं, श्यू-मान म्हणते कॉफी सोडा.

आता मुद्दा. आपल्या वांगयेंच्या देवळाची दारं वाळवीने फस्त केली. नवी करवली आहेत, आणि त्यांवर रंगवायच्या दोन्ही द्वारपाल सेनापतींचे खाके मीच काढावेत असं समितीचं म्हणणं पडलं. एकोणीस तारखेला दारं उघडायची. होय म्हणून तर बसलो, पण या हाताने दाढी काढली की सेनापती वादळातून आल्यासारखा दिसतो. तेव्हा दादा, मी चित्रं काढायचा संगणक घेतला. पत्र फाडू नका! "यंत्रातला देव वीज गेली की पळतो," असं गुरुजींच्या पुण्यतिथीला तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, ते मला पाठ आहे.

असा संगणक म्हणे तयार मिळत नाही. (मिळतो, पण दुकानवाल्या वेंगबाई तसं कबूल करत नाहीत.) एकेक भाग निवडून जोडून घ्यायचा. बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "काका, चित्रात थर किती असतात?" हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला, याची त्यांना कल्पना नव्हती. आधी तागाचं कापड, मग लांबीचा लेप, मग घासणं, मग लाख, असं मी सुरू केलं ते दाढीच्या एकेका केसापर्यंत आलो. तोवर मागे चार गिऱ्हाइकं ताटकळली होती. बाई म्हणाल्या, "समजलं. मेमरी सगळ्यात मोठी टाकते. बसा आता."

मग पडदा. दुकानातले सगळे पडदे असे झगझगत होते की त्यावर भाताची वाटीही सणासारखी दिसावी. मी खिशातून जुन्या दाराची ढलपी काढली, गुरुजींच्या हातच्या शेंदरी रंगाची, आणि प्रत्येक पडद्यावर तोच रंग उमटवायला लावून शेजारी धरून पाहत गेलो. एकावर शेंदरी गुलाबी झाला, दुसऱ्यावर वांग्याच्या वळणावर गेला. कोपऱ्यातल्या एका बिनचमकीच्या पडद्यावर मात्र तो जसाच्या तसा उतरला. बाई हळूच म्हणाल्या, "काका, नोकरी करता का इथे?" दादा, चाळीस वर्षांत समितीने माझं एवढं कौतुक केलेलं नाही.

अडलं ते चित्राच्या कार्डापाशी. एक प्रचंड, तीन पंख्यांचं, दुसरं साधं. बाई साधं घ्या म्हणत होत्या, पण स्वस्त वस्तू सुचवणारा दुकानदार बघून मला संशय आला. सरळ देवळात गेलो, कौलाची दोन लाकडं हातात घेतली आणि वांगयेंना विचारलं: देवा, मोठं घेऊ की साधं? दोन्ही लाकडं सपाट बाजू वर करून पडली. म्हणजे देव हसला, उत्तर नाही. पुन्हा टाकली, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच, आणि आता मला घाम फुटला. मागे श्यू-मान उभी. म्हणाली, "अहो, देवाला हो की नाही एवढंच विचारतात. तुम्ही त्याला दुकानाची यादी काय वाचून दाखवताय? हसेल नाही तर काय करेल!" साठी उलटली, जन्म देवळात गेला, आणि कौल लावायला बायकोने शिकवलं. नीट विचारल्यावर देवाने साध्याला कौल दिला. परत गेलो तेव्हा वेंगबाई म्हणाल्या, "हेच मी सकाळी फुकट सांगत होते."

पंचांगात चूल मांडायचा मुहूर्त बघून यंत्र सुरू केलं. (संगणकाचा मुहूर्त पंचांगात नाही, तापते ती चूल.) यातल्या लेखणीला एक सोय आहे: हात कितीही थरथरला तरी रेघ सावरून घेते. पहिली भुवई एका दमात आली. मी रडलो, लपवत नाही. आता दोन्ही सेनापती उभे आहेत आणि मी सुखात आहे. चूक झाली की मागे घ्यायचं बटणही आहे. गुरुजींकडे त्या जागी कुंचल्याचा दांडा असे, आणि तो आपल्या डोक्यात बसे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
चिन-तुई

ता. क. खाका दारावर उतरवायला काळ्या रेघा पुरतात, रंग लागतच नाहीत. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, दुकानात तेवढं विसरलो. श्यू-मानच्या हे अजून ध्यानात आलेलं नाही. पत्रात उत्तर देताना जपून.

ता. क. २. डोळे मी काढलेले नाहीत, जागा कोरी ठेवली आहे. डोळे लाकडावरच, कुंचल्याने, एका फटक्यात काढायचे, तिथे यंत्राचं काम नाही. तुमचं म्हणणं तेवढं खरं. माझ्याच्याने ते आता होणार नाही. तुमच्याशिवाय कोणाला सांगू? सतरा तारखेपर्यंत या. शिडीवर चढावं लागेल, वहिनींकडे त्याबद्दल बोलू नका. शिडी मी धरतो. दोन्ही हातांनी घट्ट धरली की ती हलत नाही, करून पाहिलं आहे.